वनिताताईंची पसंती

खालापुरात माझं कापडाचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी मी दुकानाचं ॲप काढलं. काढलं म्हणजे कर्जतच्या हर्षलाने बनवलं आणि मी मिरवलं. सायीच्या रंगावर फिकट सोनेरी अक्षरं! हर्षला म्हणत होती, "रूपेशदादा, अक्षरं उठत नाहीत." मी म्हटलं, "पोरी, याला श्रीमंती म्हणतात." माझा हा माज वनिताताईंनी उतरवला.

वनिताताई आमच्याच आळीतल्या. साजगावच्या एका कारखान्यात अकरा वर्षं पॅकिंगला होत्या. मग डोळ्यांचा पडदा सुकत गेला. पूर्ण अंधार नाही. मधलं पुसल्यासारखं, कडेचं तेवढं दिसतं. समोरचा माणूस बघायचा तर त्या मान तिरकी करतात, म्हणून नवख्याला वाटतं बाई रुसल्या. रुसणं त्यांच्या स्वभावातच नाही, त्या सरळ भांडतात. मोबाइलवर अक्षरं बोराएवढी करून वाचतात, आणि वाचवत नाही ते मोबाइल त्यांना बोलून दाखवतो. विजेचं बिल असो की भावकीतली भानगड, आमच्याआधी त्यांना कळलेली असते.

एकच गोष्ट त्यांच्या हातची गेली होती, ती म्हणजे साडी. नजर अधू झाल्यापासून साडी आणायची ती नणंद चंद्राबाईने, आणि दरवेळी राखाडी नाहीतर मातकट. "तिला कुठं दिसतंय," हे चंद्राबाईचं ठरलेलं. यंदा मुलाचं, निलेशचं, लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाच्या कपड्यांचा बस्ता काढायला दोन्हीकडची पन्नास माणसं दुकानात येऊन बसतात, आणि वरमाईची मानाची साडी मुलीकडचे देतात. ही साडी तरी आपण स्वतः निवडायची, असं ताईंनी मनाशी पक्कं केलं. त्या गलक्यात कुणी निवडू देणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून सवय व्हावी, यासाठी त्यांनी घरी बसून माझ्या ॲपवर एक साडी मागवली.

चौथ्या दिवशी त्या आल्या आणि पुडकं माझ्या गल्ल्यावर आपटलं. आत सहा मीटर खाकी कापड.

"वरमाईनं ह्ये नेसायचं का रं? मी काय हवालदार हाय?"

"ताई, चुकून दुसरं दाबलं असेल तुम्ही."

"मीच दाबलं. पण तुझं दुकान काय बोलतंय ते ऐक."

त्यांनी मोबाइल माझ्या कानाला लावला. "चित्र सदतीस. चित्र अडतीस. बटन. बटन." अक्षरं मोठी केली की 'खरेदी करा' पडद्याबाहेर पळत होतं, आणि सोनेरी अक्षरं तर त्यांना दिसतच नव्हती.

"आमच्या कारखान्यात लेबल नसलेलं एक खोकं गेटाभायेर सोडीत नव्हते. तू अख्खं दुकान सोडलंस!"

गिऱ्हाइकं हसली. मला राग आला, खोटं कशाला बोलू? चारशे साड्यांची वर्णनं लिहीत कोण बसणार? पण बाई बरोबर बोलत होत्या, आणि बरोबर बोलणाऱ्या बाईशी भांडून जिंकलेला व्यापारी माझ्या तरी पाहण्यात नाही.

मग हर्षला आली आणि पाच दुपारी आम्ही तिघं बसलो. पांढऱ्यावर काळी ठसठशीत अक्षरं आली. प्रत्येक बटनाला नाव मिळालं. अक्षरं कितीही वाढवली तरी काही पळेना. वर्णनं मी लिहायचो आणि ताई साडी डोळ्याच्या कडेशी धरून मला झापायच्या.

"नुसतं गुलाबी काय लिवतोस? राणी हाय ती. आन् काठ कुठला, पदरावर काय हाय, ते कोन सांगणार?"

चारशे साड्या लिहिता लिहिता मला माझाच माल नव्याने कळला. फायदा तर असा, की माझा माल आणणारा संतोष भर उन्हात टेंपोत बसून, चष्मा न शोधता बायकोसाठी साडी बघायला लागला.

बस्त्याचा दिवस आला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ताईंना मानाने खुर्चीत बसवलं, हातात चहा दिला आणि सगळे त्यांना विसरले. मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "विहीणबाईंना कुठली घ्यायची?"

चंद्राबाई लगेच म्हणाली, "राखाडीच द्या. मळत नाय, आन् तिला कुठं दिसतंय."

तेवढ्यात गल्ल्यावर माझा फोन वाजला. ॲपवर ऑर्डर आली होती. मी मान वर केली तर खुर्चीतल्या वनिताताई मोबाइल गालाशी धरून तिरक्या मानेने हसत होत्या. दुकानात बसून त्यांनी दुकानातच ऑर्डर टाकली होती! मला इतका आनंद झाला की मी स्वतः फळीवर चढून साडी काढली आणि सगळ्यांसमोर उलगडली. लखलखीत राणी, आंब्याच्या रंगाचे काठ, पदरभर मोर.

"वरमाईंची पसंती!" मी ओरडलोच.

मुलीच्या वडिलांनी साडी दोन्ही हातांनी ताईंच्या मांडीवर ठेवली. चंद्राबाई कधी साडीकडे बघे, कधी ताईंकडे.

"अगो, तुला हिचा रंग सांगितला कोनी?"

"कोनी नाय," वनिताताई म्हणाल्या. "मी वाचला."