एका जागी बसून हवा कळत नाही

अंटार्क्टिकावर वर्षभर हवामानाच्या नोंदी घेऊन मी औरंगाबादला परतलो, त्या दिवशी नामांतरावरून शहर बंद होतं. एसटी छावणीतच थांबली. गारखेड्याला आई वाट बघत होती. माझ्या शेजारच्या सीटवर खुलताबादचा एक मेंढपाळ होता, मांडीवर कोकरू घेऊन. त्याची लेक गारखेड्यालाच बाळंत झाली होती.

"साहेब, काम काय करता?"

"दक्षिण ध्रुवाकडच्या वादळांचा अंदाज सांगतो. पण पुष्कळदा चुकतो. एवढ्या बर्फात आमची वेधशाळा एकच."

"मग चुकणारच की! एका जागी बसून हवा कळती व्हय?"

कोकरू माझ्या हातात कोंबून तो उतरला. पानवाला, भाजीवाली, दोन पोलीस, सगळ्यांशी बोलून आला.

"क्रांती चौकाकडं लई गरम हाय. स्टेशनाकडनं मोकळं हाय. चला."

आम्ही पायी सुखरूप पोचलो. वाटेत कोकरानं माझ्या कोटाची बाही चघळली.

निघताना त्यानं विचारलं, "तिकडं बर्फात वस्ती किती?"

"गावं नाहीतच."

"मग अंदाज सांगता कुणाला?"

एवढं विचारून माझ्या हातातलं कोकरू घेऊन तो लेकीच्या गल्लीत शिरला.

पुढं अहवालात मी 'वेधशाळा वाढवाव्यात' असं लिहिलं. वरिष्ठांनी शाबासकी दिली. मेंढपाळाच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल मात्र मी त्यांच्यापाशी अवाक्षर काढलं नाही.