सकाळची धार

कोल्हापुरात संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाईकासमोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा पेला तिथंच हातात देतात. सत्तरच्या दशकात आमचीही एक म्हैस कट्ट्यावर जायची. तिथं थोरला भाऊ धार काढायचा. सकाळची धार गोठ्यात वहिनी काढायची.

एका वर्षी दिवाळीनंतर सकाळचं दूध घटू लागलं. संध्याकाळी मात्र चरवी भरायची. म्हैस पान्हा चोरते, असं भावानं ठरवून टाकलं.

“हिला कट्ट्याची चटक लागलीया,” तो म्हणायचा. “चार माणसं बघायला असल्याबिगार दूध सोडत न्हाय.”

“नटी हाय की मग!” शेजारच्या काकी हसायच्या.

सरकीचा खुराक वाढवला, दृष्ट काढली. फरक पडला नाही. शेवटी म्हैस मुरगूडच्या बाजारात विकायचं ठरलं. ती रेडकू असल्यापासून वहिनीनंच वाढवली होती.

बाजाराच्या आदल्या सकाळी भाऊ स्वतः धारेला बसला. गिऱ्हाईकाला किती दूध सांगायचं, याचा अंदाज त्याला हवा होता. चरवी काठोकाठ भरली. ती हातात घेऊन तो वहिनीकडे बघत राहिला.

“म्हशीला बोल लावू नका,” वहिनी म्हणाली. “माझीच मूठ वळत न्हाय. उन्हं गोठ्यात येईस्तोवर बोटं आखडलेली असत्यात.”

“मग बोलली का न्हाईस?”

“धार काढता येत न्हाय, असं कुठली बाई सांगती?”

ती पहाटे पाणी तापवायची. कास धुवायला असेल, अशी घरात सगळ्यांची समजूत होती. त्या पाण्यात ती आधी हात बुडवून बसत होती. वात म्हातारपणी धरतो, हे सगळ्यांना माहीत होतं आणि वहिनी जेमतेम तिशीची होती.

बाजार राहिला. दुसऱ्या दिवशी भाऊ, वहिनी आणि मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बोटांची पेरं एकेक करून दाबून पाहिली. काही सुजलेली होती.

“सकाळी वेणी घालता येते?”

“दुपारी घालते.”

“दुखतं एका हातात की दोन्ही?”

“दोन्ही. सारखंच.”

थकवा, बारीक ताप, वजन उतरणं, हे त्यांनी विचारलं. तिन्हींना वहिनीनं होकारार्थी मान हलवली. चेहऱ्यावर चट्टे, उन्हाचा त्रास, तोंडात फोड, हेही विचारलं; ती याच जातीच्या दुसऱ्या एका आजाराची लक्षणं. ती तिला नव्हती. रक्त तपासून आल्यावर त्यांनी सांगितलं, की शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून सांध्यांवर उलटते, तसा हा संधिवात आहे. कामानं दुखणारा हात विश्रांतीनं सुधारतो. हा विश्रांतीनंतरच जास्त आखडतो, म्हणून सकाळ वाईट जाते.

“हात वाकडं होत्यात का?” वहिनीनं विचारलं.

“दुर्लक्ष केलं तर होतात. तुम्ही वेळेवर आलात.”

“आन् सकाळची धार?” भावानं विचारलं.

“तुम्हाला दोन हात आहेत की, पावणं,” डॉक्टर म्हणाले.

रोजच्या गोळ्या सुरू झाल्या, पुढे इंजेक्शनं. आजार मुळातून जाणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केलं होतं. सकाळची धार भाऊ काढू लागला. सूज हळूहळू उतरली. मधे एकदा पुन्हा वाढली, औषध बदललं, पुन्हा उतरली.

पुढचा पावसाळा सरल्यावर एका सकाळी भाऊ उठला, तेव्हा गोठ्यातून धारेचा आवाज येत होता. तो दारात जाऊन उभा राहिला. वहिनी मधेमधे थांबून बोटं मोकळी करत होती. चरवी अर्ध्याच्या वर भरली होती.

“सोडला व्हय पान्हा?” त्यानं विचारलं.

“कट्ट्याची चटक सुटली तिची,” वहिनी म्हणाली. तिनं पुढं आलेली वेणी पाठीवर टाकली आणि पुन्हा धार काढू लागली. वेणी सकाळीच घातलेली होती.