आत्याचे दोन रुमाल

चारचौघांत मी तोंड उघडत नाही, हे कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. पण रुमालांची गोष्ट आता इतक्या तोंडांतून फिरली आहे की, तिच्यात मी अख्खं विमान धुऊन काढलंय! तेव्हा बसा जरा. माझी फजिती एकदा माझ्याकडूनच ऐका.

माझी आत्या जर्मनीत शास्त्रज्ञ आहे. सूक्ष्मजीव हा तिचा विषय. बऱ्याच वर्षांनी ती घरी येणार, म्हटल्यावर आमच्या शाळेने लगेच तिचं भाषण ठरवलं आणि बाईंनी आभार मानायचं काम माझ्यावर टाकलं. का? तर आत्या माझी! अहो, मला वर्गात 'हजर' म्हणायलाही धीर गोळा करावा लागतो.

आली त्या दुपारी आत्या गाढ झोपली. आई म्हणाली, "मनू, आत्याचे कपडे मशीनला लाव गं."

बॅगेत कपड्यांखाली दोन खाकी पाकिटं होती. प्रत्येकात निळ्या काठाचा एकेक पांढरा रुमाल. पापडासारखा कडक, पिवळट डागांचा. मी वास घेतला. आंबट!

आता तुम्हीच सांगा, विमानातून आलेल्या माणसाच्या आंबट रुमालावरून तुम्ही काय ओळखाल?

बिचारीला उलटी झाली होती. रुमाल दोन, म्हणजे दोनदा! आणि संकोचाने तिने ते लपवून आणले होते. संकोच म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. मी ठरवलं, आपल्याला कळलंय हे तिला कळूच द्यायचं नाही.

मशीन नकोच. बाथरूमचं दार लावून हाताने धुतले. आधी साबण, मग कढत पाणी, मग झाकणभर जंतुनाशक, शेवटी कडक इस्त्री. घड्या घालून परत पाकिटांत.

फक्त आईच्या कानात सांगितलं. तीही कुणाला बोलली नाही. फक्त आबांना बोलली.

झालं! संध्याकाळी आत्याच्या ताटात मऊभात.

"वहिनी, मला मिसळ हवीय. स्वप्नात येते हो तिकडे!"

"खा ना ताई, पण पोट जरा ठरू दे."

"माझ्या पोटाला काय झालंय?"

"काही नाही!" आई आणि मी एकदमच.

आबा, म्हणजे माझे आजोबा, साताऱ्याकडचे. जन्मभर मार्केटात पोती वाहिली, हळू बोलणं त्यांना जमतच नाही. त्यांनी आल्याचा तुकडा पुढे केला. "चघळ. इमानात लई जणांना हुतं. लाजायचं न्हाई."

"काय होतं, आबा?"

"त्येच!"

आत्या आलं चघळत माझ्याकडे बघत राहिली. मी भिंतीवरच्या पालीकडे.

भाषणाच्या दिवशी मला स्टेजवर, आत्याच्या खुर्चीशेजारी बसवलं. आत्या शांतपणे बोलत होती, घरात बोलते तशी.

"तिकडे मला विचारतात, तू मूळची कुठली? इकडे विचारतात, परत कधी जाणार? 'बस, जेव, राहा' म्हणणारी एकच होती. माझी आई."

पहिल्या रांगेत आबा खाली बघायला लागले.

"आई गावाहून इथे राहायला आली, तेव्हा विरजण बरोबर घेऊन आली. मी जर्मनीला निघाले, तेव्हा तिने तेच दही रुमालाला लावून, वाळवून मला दिलं. तिकडे कोमट दुधात रुमाल बुडवला. पण थंडी अशी की दही लागेना! सगळं शास्त्र करून झालं. शेवटी भांडं शालीत गुंडाळून हीटरजवळ ठेवलं, तेव्हा लागलं. नव्या जागी थोडी ऊब मिळाली की सूक्ष्मजीव रुजतात. माणसांचंही तसंच असतं."

किती छान बोलते आत्या, असं मला वाटलं. एक मिनिट. रुमाल?

"आई गेली आणि इथलं विरजण मोडलं. आबांनी तेव्हापासून दहीच सोडलं. विकतचं घशाखाली उतरत नाही म्हणतात. म्हणून मी ते परत आणलंय. आज तुमच्यासमोर लावणार, उद्या सकाळी आबा खाणार."

टेबलावर कोमट दुधाचा डबा तयार होता. आत्याने पर्समधून खाकी पाकीट काढलं. जमीन दुभंगेल तर बरं, असं मला वाटलं. पण शाळेचं स्टेज भलतंच मजबूत!

"वास बघा, कसा आंबट…" तिने रुमाल झटकला. बगळ्यासारखा पांढराशुभ्र! इस्त्रीच्या घड्यांसकट. तिने तो नाकाशी नेला आणि माइकमधून सगळ्या हॉलला ऐकू गेलं, "दवाखाना?"

पहिल्या रांगेतून आबा ओरडले, "आगं, पोरीनं धुतला त्यो! तुला उलटी झालती न्हवं का!"

हॉलचं काय झालं ते सांगत नाही. बाईंनी मला खुणावलं, आभार! मी उभी राहिले. "आत्या… मला वाटलं…" एवढंच आभारप्रदर्शन झालं.

रिक्षात आबा बाहेर बघत होते. मी मुसमुसत होते. आत्याने मला जवळ घेतलं. "वेडी! शास्त्रज्ञ कधी एकच नमुना घेऊन फिरतो का? दुसरा आहे बॅगेत."

आबांचा चेहरा असा उजळला की मला पुढचं बोलवेना. पण बोलावं तर लागणारच होतं.

"आत्या, दुसऱ्या पाकिटातला?"

"हो."

मी तिच्या कुशीत तोंड खुपसलं. रिक्षावाल्यानेसुद्धा आरशातून मागे बघितलं.

आत्याने डोळे मिटले. "इस्त्री?"

"कडक."

"आमच्या लॅबमध्येही इतकं निर्जंतुक होत नाही गं!" आणि ती हसतच सुटली. मिसळीच्या दुकानापर्यंत हसत होती.

निघताना आत्याने तिकडचं भांडं रिकामं केलं होतं, त्यामुळे आता ते विरजण उरलं होतं फक्त जर्मनीत, आत्याच्या शेजारणीकडे. आपल्याकडच्यासारखं तिथेही आत्याने शेजारी वाटीभर दिलं होतं, म्हणून वाचलं. परत गेल्यावर तिने त्याचा नवा रुमाल पाठवला. पाकीट आबांनी स्वतः फोडलं, दूध स्वतः कोमट केलं, भांड्याला स्वतःची शाल गुंडाळली.

सकाळी त्यांनी एक घास घेतला. शालीच्या टोकाने डोळे पुसले. मग म्हणाले, "तिचंच हाय."

माझेही डोळे भरून आले. काहीतरी करावंसं वाटलं. मी हळूच म्हटलं, "आबा, झालं असेल तर भांडं द्या. धुऊन ठेवते."

आबांनी भांडं उचलून छातीशी धरलं.