दिराच्या दारात उतरलेली बाग

यून-मोई आमच्या वाडीतली सगळ्यात तिखट जिभेची बाई. तैवानमधल्या आम्हा हक्का लोकांच्या त्या डोंगराळ वाडीत भांडण कुणाचंही असो, निवाडा तीच करायची. स्वतःच्या घरचं भांडण मात्र तिला वीस वर्षं मिटवता आलं नव्हतं. सासरा गेल्यावर डोंगरउतारावरच्या बागेची वाटणी झाली. वरचा भाग तिच्या नवऱ्याला, खालचा धाकट्या दिराला, आ-फुकला. "वरून पाणी अडवता तुम्ही," असं आ-फुक म्हणाला आणि बोलणं तुटलं. सख्खा भाऊ वारला तरी तो फिरकला नाही.

पुरल्यावर काही वर्षांनी, आमच्या रीतीप्रमाणे, यून-मोईनं नवऱ्याची हाडं उकरून काढली, पुसली, उंच मातीच्या बरणीत बसवली, पाय खाली, कवटी वर. बरणी बागेच्या वरच्या कडेला, छोट्या घुमटीत. "इथून त्याला सगळी पर्सिमनची फळझाडं दिसतात," म्हणायची.

नव्व्याण्णव साली रात्री भूकंपानं तैवान हादरलं तेव्हा अख्खी वाडी शाळेच्या मैदानात येऊन बसली होती. उजाडताच यून-मोई बागेकडे निघाली. शेजारीण म्हणून मी तिच्या मागोमाग. वळणावर ती अशी थबकली की मी तिच्या पाठीवर आदळले.

समोर उतार नव्हताच. साल सोललेल्यासारखी करडी, गुळगुळीत दगडाची पाठ तेवढी उरली होती.

"अगं, माझी बाग कुठाय?" ती मला विचारत होती, मी जणू कुठं उचलून ठेवली असावी.

मी खाली बोट दाखवलं. बाग खाली होती. ओळीच्या ओळी उभ्या, केशरी फळं लगडलेली. आ-फुकच्या बागेवर जाऊन बसलेली. त्याचं एकही झाड दिसत नव्हतं.

धडपडत उतरलो. त्याचं घर एका अंगाला कललं होतं. अंगणात तो उकिडवा बसलेला, नखशिखांत धुळीनं माखलेला, काहीतरी कवटाळून. बरणी! झाकणसुद्धा जागेवर.

त्यानं मान वर केली. "वहिनी," तो म्हणाला, "दादा आलाय. दार उघडलं तर समोर उभा."

यून-मोई त्याच्यासमोर बसली, बरणीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. मग म्हणाली, "ऊन चढतंय. सावलीत घ्या त्यांना."

नंतर जमिनीचा अभ्यास करणारी कॉलेजची पोरं आली. मातीखालचा, चिखल घट्ट होऊन झालेल्या दगडाचा थर उताराच्याच दिशेनं कललेला, म्हणून वरचं सगळं घसरलं, असं त्यांनी सांगितलं.

"एवढी वर्षं मी घसरगुंडीवर खत घालत होते?" ती म्हणाली. तेव्हापासून कुठंही बसण्याआधी ती जमिनीला तळवा टेकवून बघते.

मोजणीवाले हद्द शोधून थकले. झाडं तिची, माती तिची, खालची जागा त्याची! निकाल लागेपर्यंत फळं सडली असती, म्हणून दोघांनी मिळून उतरवली.

"देठ ठेवून तोडा, भावोजी! डोळे फुटलेत का?"

"वहिनी, माझ्या जागेत उभ्या राहून मलाच शिकवता?"

मुळं तुटलेली होती. पुढच्या वसंतात निम्मी झाडं वठली. उरलेली अजून फळतात आणि ती कुणाची, यावर दोघं अजून भांडतात.