तारामाशावरची गळती

जरीपटक्यातल्या गोपिकाबाई रंगारी शाळेत शास्त्र शिकवायच्या आणि घरी समुद्र पाळायच्या. रत्नागिरीहून त्यांनी डब्यांतून समुद्राचं पाणी, एक तारामासा आणि दोन काटेरी समुद्री साळिंदरं आणली, तेव्हाच गल्लीने भविष्य सांगून टाकलं, की इथल्या उन्हात या जिवांचा मे काही निघायचा नाही.

एकोणऐंशीचा मे आला. काचेच्या टाकीतलं पाणी रोज बोटभर आटायचं आणि बाई मिठाचं पाणी घालून तूट भरून काढायच्या. तारामासा मात्र आक्रसत चालला.

शेजारच्या कांताबाई डोकावल्या. "काहून वं, लोणचं घालून राहिली का त्याचं?"

बाई चिडल्या आणि लगेच चमकल्या. वाफ होते ती पाण्याची. मीठ जातं कुठे? सहावीला त्यांनीच तर शिकवलं होतं!

पण एकदम गोडं पाणी ओतलं तर बिचारा मरायचा. बाईंनी माठाच्या बुडाला भोक पाडून वात घातली, शिळं साधं पाणी भरलं आणि माठ टाकीवर टांगला.

"अवं, ही तं महादेवावरची गळती!" कांताबाई म्हणाल्या. "तुमच्या बौद्धांत कधीपासून वं?"

"थेंबाले जात नसते. तू माठ भर."

तीन दिवस बाई टाकीपासून हलल्या नाहीत. चौथ्या दिवशी तारामाशाने एक बाहू पसरून काचेला चिकटवला, आणि ही बातमी कांताबाईंनी दुपारच्या आत शहरात पार धरमपेठेपर्यंत पोचवली.