देखणी पानं

मांडवाखाली शिरलं की तात्यांचं वय गळून पडे. वर द्राक्षवेलींचं दाट छत, खाली हिरवट उजेड, आणि त्यात तात्या पाण्याखालून चालल्यासारखे संथ फिरत. कामाचे गडी विचारत, "तात्या, जागे आहात ना?" तात्या म्हणत, "अर्धा."

बाग हिरवीगार ठेवायचा त्यांना नादच होता. बायको आजारपणात पिवळी पडत पडत गेली. तेव्हापासून पिवळट पान दिसलं की ते नजर फिरवत. लगेच युरियाची गोणी फुटे. वेली नुसत्या फोफावल्या होत्या. घड मात्र बघवत नव्हते: एखादा मणी टपोरा, शेजारचे वाटाण्याएवढे. बाग सांभाळणाऱ्या लेकीने अखेर सांगून टाकलं, "बाबा, आता मणी सुधारले नाहीत तर बाग काढायची." बाग तिच्या आईने लावलेली.

गंमत अशी, की पानांचे देठ दरवर्षी प्रयोगशाळेत जात आणि दरवर्षी निरोप येई, सगळं ठीक आहे. पानं तोडायचं काम तात्यांचं. नियम साधा: बागभर फिरायचं आणि फुलाच्या घडासमोरचं पान घ्यायचं, असेल तसं. पण तात्या टाकीजवळच्या, कधी पिवळ्या न पडल्याने युरियाही न मिळालेल्या वेलींची रुंद, गर्द पानंच वेचत. पाहुण्यांपुढे पोरांना न्हाऊमाखू घालूनच आणतात ना, तसं. यात काही चुकतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

यंदाही ते टाकीकडेच निघाले होते. वाटेत एका वेलीवर घडासमोर बारकं, शिरांच्या मधे पिवळं पडलेलं पान दिसलं. सवयीने त्यांनी नजर फिरवली, आणि थबकले. आपण हिच्याकडे कधी बघतच नाही, असं त्यांच्या मनात आलं. मग दुपारभर ते घडासमोरची पानं तोडत राहिले, दिसतील तशी.

प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन लेकीला आला. नत्र भरमसाट, जस्त फारच कमी. नत्राने पाला भराभर वाढतो आणि जमिनीतून आलेलं जेमतेम जस्त त्या पसाऱ्याला पुरत नाही, म्हणून मणी लहानमोठे. युरिया थांबवा, जस्त फवारा.

"दरवर्षी ठीक असायचं, मग आत्ताच काय झालं?" लेकीने फोन ठेवत विचारलं.

तात्यांनी खरं काय ते सांगितलं. आता ही तोंड सोडणार, असं त्यांना वाटलं.

"आईसुद्धा डॉक्टरांकडे पावडर लावून जायची," ती म्हणाली. "बरं आहे म्हणायची. आणि तुम्ही शेजारी बसून मान हलवायचात."

तात्यांनी खताच्या कोठीची किल्ली कमरेची सोडली आणि तिच्या हातात दिली.

"बाग राहू दे, बाबा," लेक म्हणाली. "पण आता पिवळी दिसली तरी बघायची."

तात्यांनी मान हलवली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बायकोसाठी रडले.