काकांची पेज

माझ्या वडिलांच्या आतेभावाने ज्या घरच्या जेवणाला नाव ठेवले नाही असे घर रत्नागिरीत एखादेच असेल, आणि त्यालाही बहुधा कुलूप असेल. आम्ही त्यांना नुसते काका म्हणत असू. बंदरावरच्या कचेरीतून ते कारकून म्हणून निवृत्त झाले होते, पण गावातल्या चुलींवरची त्यांची नेमणूक तहहयात होती. पंगतीत पहिला घास घेऊन ते डोळे मिटत, तेव्हा यजमान वाढणे सोडून त्यांच्यापुढे येऊन उभा राही. लांज्याच्या एका लग्नात वधूपित्याने भीत भीत विचारले, "कसं काय जमलंय?" काका म्हणाले, "मुलगी चांगली दिलीत. आमटी द्यायला नको होती." एका बाराव्याच्या जेवणाला वडा मोडून पाहत त्यांनी यजमानाला सांगितले, "तुझा बापूस वेळेवर गेला हो." त्यांच्या वहाणा वाजल्या की माझी आई कालवणाचा टोप फळीमागे सारी. तरी ते ओटीवरूनच सांगत, "वहिनी, कोकम जास्त पडलंय." आणि दुर्दैव असे की ते खरोखरच जास्त पडलेले असे.

एकोणीसशे तीसच्या आगेमागे या माणसाचा घास घशाखाली अडकू लागला. मुंबईत नोकरीला असलेला मुलगा त्यांना बोटीने घेऊन गेला, आणि अन्ननलिकेत गाठ असल्याचे निदान घेऊन काका परत आले. कॅन्सर हा शब्द घरात कोणी उच्चारीत नसे. तिथल्या डॉक्टरांनी रेडियमचा इलाज केला आणि मुलाला बजावले, "गाठ न्यायची तेव्हा नेईल, त्याआधी उपासमार यांना नेईल. पातळ द्या, थोडं थोडं द्या, पण दिवसभर पोटात जाऊ द्या." इथे समाचाराला येणारा प्रत्येकजण मात्र एकेक पदार्थ बंद करून जाई. एकाने दूध कफकारक ठरवले, दुसऱ्याने अंडे उष्ण. तिसऱ्याने तर खाल्लेले सगळे गाठीलाच लागते असा शोध लावला आणि स्वतः चार आंबोळ्या खाऊन उठला. सगळ्यांचे ऐकले असते तर काकांच्या वाट्याला नुसता खारा वारा उरला असता.

मुलगा त्यांना घरी पोचवून नोकरीवर परतला आणि सगळे सुनेच्या गळ्यात आले. ती वाटी पुढे करी, काका तोंड फिरवीत. त्यांचा कोट अंगात घातलेला असूनही खुंटीवर टांगल्यासारखा दिसू लागला. सून रडकुंडीला आली होती. अशात एक दिवस घाईत ती पेजेत मीठ घालायला विसरली. काकांनी नाइलाजाने एक घोट घेतला आणि डोळे मिटले. "काय गो, मीठ महागलंय काय?" मग खात्रीसाठी दुसरा घोट घेतला, तक्रार पक्की करायला तिसरा. वाटी अर्धी झाली.

सून हुशार. तेव्हापासून तिने एकही वाटी धड केली नाही. कधी पेज करपवली, कधी अंडे फेटलेल्या दुधात साखर ओतली. तिने हे आईला सांगितले, आईने आळीला, आणि इतकी वर्षे काकांच्या धाकात रांधलेल्या बायकांना जणू सूड उगवायची परवानगीच मिळाली. घरोघरच्या बिघडवलेल्या वाट्या येऊ लागल्या. माझ्या आईने तर माशाच्या निवळीत गूळ टाकला. काका म्हणाले, "वहिनी, बांगड्याला डोहाळे लागले होते काय?" नावे ठेवण्याच्या भरात ते पीत राहिले. गालांवर जरा मांस आले, ओटीवर येऊन बसण्याइतके बळ आले.

एका दुपारी आई तिथेच होती. थकलेल्या सुनेच्या हातून पेजेत जुन्या सवयीने मीठ नीट पडले. काकांनी घोट घेतला, डोळे मिटले, म्हणाले, "मीठ कमी."

सुनेने वाटी आत नेऊन चाखली. आईनेही चाखली. मीठ अगदी नेमके होते.

"यांना चव लागतच नाय, काकी," सून हळूच म्हणाली. "कधीपासून नाय, कोण जाणे."

मीठ ढवळण्याइतका वेळ जाऊ देऊन तिने तीच वाटी तशीच बाहेर नेली. "घातलं हां मीठ, मामंजी."

"आता जमली," काका म्हणाले. प्रत्येक घोटाला कळ येत होती, ती चेहऱ्यावर दिसत होती, तरी त्यांनी ती वाटी सगळी संपवली आणि तिच्या हातात दिली. "तू जेवलीस काय गो?"

तिने हो म्हटले. ती जेवली नव्हती.

पुढे काका थोडेच दिवस राहिले. तेवढ्या दिवसांत त्यांनी एकही वाटी परत पाठवली नाही, आणि नाव मात्र प्रत्येकीला ठेवले. ते गेले तेव्हा सगळ्या आळीला वाईट वाटले, आणि सगळ्यात जास्त, मला वाटते, माझ्या आईला.